घाटाची गोळी

महाडहून पुण्याला जाण्याला आमच्याकडे कुणी प्रवास म्हणत नाही. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस दुपारी पुण्यात जेवतो. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो. वरंध घाट फळ्यावर कितीदा काढला असेल, पण त्या वाटेबद्दल कधी चार ओळी लिहाव्यात असं वाटलं नाही. या वेळी मी आईला घेऊन गेलो आणि महिन्याभराने एकटा परत आलो. मधे जे झालं ते या वाटेने आपलं माणूस नेणाऱ्याला कळायला हवं, म्हणून लिहितो.

वरंध घाट

निमित्त आनंदाचं होतं. माझी मोठी बहीण पुण्यात विश्रांतवाडीला राहते. तिच्या मुलीने, केतकीने, खराडीला घर घेतलं होतं आणि मार्गशीर्षात वास्तुशांत ठरली होती. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पण तिने पंधरा दिवस आधीच पिशवी भरायला काढली. आमसुलं, पोह्याचे पापड, कुळथाचं पीठ.

"अगं आई, पुण्याला मिळतं कुळथाचं पीठ," ताई फोनवर म्हणाली.

"मिळत असेल. मी तुला कुळथाचं आणतेय."

इक्बालची गाडी ठरवली होती. इक्बाल आमच्या आळीतला, माझाच जुना विद्यार्थी. आई खिडकीशी बसली. पंधरा-सोळा वर्षांत ती घाट चढली नव्हती, आणि घाटातल्या वाघजाईच्या देवळापाशी उतरून भजी खायची असं तिने आदल्या दिवसापासून चारदा सांगितलं होतं.

"सर, आजींना घाटाची दिलीत ना? सीट मी कालच धुतलीय," इक्बाल म्हणाला.

"दिली. मीही घेतली."

"मला कुणी विचारत नाही."

"तू घेतोस?"

"मी घेतली तर आपण सगळे थेट खाली दरीत, शिवथरला."

आई खूप हसली. तिला इक्बालचं बोलणं आवडायचं.

घाटाची गोळी म्हणजे गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी. आमच्या गावात तिला औषध कुणी म्हणत नाही. आमच्या घरी तिची पट्टी किल्ल्यांच्या डब्यात असते, औषधांच्या डब्यात नाही. एसटीत शेजारच्या अनोळखी बाईला बडीशेप द्यावी तशी लोक ती एकमेकांना देतात. निघण्याआधी अर्धा तास एक घ्यायची, जरा डोळा लागतो, उघडतो तेव्हा भोर आलेलं असतं. एवढंच सगळ्यांना ठाऊक. मलाही.

आईला मी घरी एक दिली होती. घाटाच्या पायथ्याशी दुसरी दिली. तिला मळमळत नव्हतं. ती बोलत होती. हे गाव कुठलं, इथली अमकी आमच्या शेजारी नांदत होती, ती खिंड दिसते ती कुठली. माझी बायको गेल्यापासून सात वर्षं घरात आम्ही दोघंच. आई दिवसभर बोलायची आणि मी दिवसभर 'हं' म्हणायचो. चार तास 'हं' न म्हणता जावेत, एवढंच मला त्या सकाळी हवं होतं. म्हणालो, "आई, आता वळणं जास्त आहेत, अजून एक घे." तिने तोंड उघडलं. पाणीही मीच पाजलं.

पहिल्या सहा-सात वळणांत तिची मान काचेला टेकली. त्या दिवशी घाट फार सुंदर होता. पावसाळ्याचं हिरवं अजून पुरतं उतरलं नव्हतं आणि कड्यांवरचं गवत सोनेरी व्हायला लागलं होतं. वाघजाईला इक्बालने गाडी थांबवली. मी उतरलो, कढईतली भजी खाल्ली, माकडांपासून पुडी सांभाळली, दरीकडे बघत दोन चहा घेतले. इतकी शांत वीस मिनिटं मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. इक्बालने विचारलं, "आजींना उठवू?" मी म्हटलं, "झोपू दे."

पुढे नीरा-देवघरचं पाणी गेलं, भोर गेलं, कात्रजचा बोगदा गेला. आई जागी झाली तेव्हा गाडी स्वारगेटच्या सिग्नलला उभी होती. तोंडाला कोरड पडली म्हणून तिने पाणी मागितलं आणि विचारलं, "वाघजाई आली का?"

विश्रांतवाडी

ताईकडे पहिल्या दिवशी आई जरा मंद होती. प्रवासाचा शीण, असं सगळे म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नेहमीची झाली. ताईच्या स्वयंपाकघरात शिरून तिने कुळथाचं पिठलं केलं. पुण्याच्या आमटीतला गूळ हा आमच्याकडे चेष्टेचा विषय. "ही आमटी की पक्वान्न?" आईने ताईला विचारलं. ताई आता पुरती पुणेकर झालेली. ती म्हणाली, "आवडली नाही तर मीठ टेबलावर आहे. मत ठेवायला जागा नाही."

त्याच दुपारी आईच्या अंगावर गांधी उठल्या. हातांवर, पोटावर, पाठीवर लाल चट्टे आणि खाज. ताईने नव्या चादरीला दोष दिला, आईने पुण्याच्या पाण्याला. गल्लीतल्या डॉक्टरांकडे मी घेऊन गेलो. म्हातारे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "दुसरी औषधं कोणती चालू आहेत?"

"रक्तदाबाची एक."

"आणखी काही? सर्दीचं, झोपेचं, पोटाचं?"

"काही नाही."

हे मी खोटं बोललो नाही. माझ्या मनात घाटाची गोळी आलीच नाही. त्यांनी मला प्रवासाविषयी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी औषधांविषयी विचारलं.

त्यांनी रात्री झोपताना अर्धी गोळी लिहून दिली. वयामुळे अर्धीच, आणि दिवसा नको, म्हणाले. औषधाच्या दुकानात मी विचारलं, "फारच खाज आली तर दिवसा दिली तर चालेल का?" दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. "दिवसा द्यायची असती तर डॉक्टरांनी लिहिलं असतं. त्यांना लिहिता येतं."

मला राग आला. पुण्यातली माणसं बोलतातच अशी, असं मनाशी म्हणून मी पायऱ्या उतरलो, आणि त्या रागात त्याचं सांगणंही तिथेच टाकून आलो.

खराडी

वास्तुशांतीच्या दिवशी सकाळी आईच्या मानेवर पुन्हा चट्टे दिसले. आदल्या दिवशीची उरलेली अर्धी गोळी पट्टीत होती. पाहुण्यांसमोर ती खाजवत बसेल, म्हणून मी ती दिली. मग विश्रांतवाडीहून खराडीला जायचं. अंतर थोडं, पण त्या रस्त्यावर गाडी जास्त वेळ उभीच असते, आणि थांबत-चालत जाणाऱ्या गाडीत आईला हमखास मळमळायचं. म्हणून घाटाचीही एक दिली. घाट नव्हता, तरी दिली.

खराडीला आमच्यासारख्यांनी एकदा तरी बघाव्यात अशा इमारती आहेत. काचेच्या, ढग दिसणाऱ्या. कधीकाळी हे गाव होतं हे सांगायला मधूनच एखादं मारुतीचं देऊळ आणि दारात बांधलेली म्हैस. केतकीचं घर अकराव्या मजल्यावर. दाराला झेंडूचं तोरण, आत होमाचा धूर, नव्या रंगाचा वास. केतकी पैठणी नेसून पाटावर बसली होती. आजीला पाहून उठायला लागली तर भटजी म्हणाले, "बसा. आजी कुठे जात नाहीयेत."

आईला आम्ही खुर्चीवर बसवलं. थोड्या वेळाने ती हाताने हवेत काहीतरी करू लागली. एक हात पुढे, दुसरा मागे ओढायचा. ताई वाकून म्हणाली, "काय करतेस गं?"

"अबोली ओवतेय. दोरा संपत आला बघ."

ताई हसली, दोन-तीन बायका हसल्या. मीही हसलो. मग आईने पाणी मागितलं, पुन्हा मागितलं, आणि केतकीच्या सासूबाईंना "सुमन, तू केव्हा आलीस?" असं विचारलं. सुमन म्हणजे आईची बहीण, जाऊन तीस वर्षं झाली. तेव्हा मी हसलो नाही. पण पूजा चालू होती, आणि मी म्हटलं, माणसांच्या गर्दीने गोंधळली असेल.

मग आई बाथरूममध्ये जाते म्हणाली. केतकीची नणंद तिला दारापर्यंत सोडून आली. केतकीने सकाळीच ते धुऊन घेतलं होतं, गुळगुळीत फरशी, कोपऱ्यात ओल. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

हडपसर

रुग्णालय हडपसरला होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. आई कण्हत होती आणि तिला उलट्या होत होत्या. नर्स म्हणाली, "चालू असलेली औषधं दाखवा." मी बाकावर बसून पिशवी उपसली. रक्तदाबाची पट्टी, खाजेची पट्टी आणि घाटाच्या गोळीची पट्टी अशा तिन्ही हातात आल्या. मी पट्टीच्या मागचं बारीक अक्षर आयुष्यात पहिल्यांदा वाचलं. खाजेच्या पट्टीवर प्रोमेथाझिन असं नाव होतं, पुढे एक शब्द. घाटाच्या पट्टीवरही प्रोमेथाझिन, पुढचा शब्द तेवढा वेगळा.

मला कळलं. औषधशास्त्रातलं काही कळत नसलं तरी एवढं कळलं की मी एकच औषध दोन नावांनी दिलं होतं.

डॉक्टर आल्या, तिशीतल्या असतील. "उलटी थांबवायला आणि दुखण्यावर इंजेक्शन देतेय. आज सकाळपासून त्यांना काय काय दिलंय? सगळं सांगा." माझ्या एका बाजूला ताई होती, दुसऱ्या बाजूला होमाच्या साडीतली केतकी. मी रक्तदाबाची पट्टी पुढे केली, खाजेची केली. "ही सकाळी अर्धी दिली," म्हटलं. घाटाची पट्टी खिशात ठेवली.

"आणखी काही?"

"नाही."

दवाखान्यातल्या पहिल्या 'नाही'बद्दल मी स्वतःला कधीतरी माफ करीन. हे दुसरं 'नाही' मी सगळं माहीत असताना म्हटलं. आमच्या घरात मी काळजीपूर्वक वागणारा. आईला मी सांभाळतो, असं ताई सगळ्यांना सांगायची. ते ऐकायची मला सवय झाली होती.

इंजेक्शनं दिली. आई शांत झाली. मग जास्तच शांत झाली. नर्सने तिचे खांदे हलवले, छातीवर चोळलं, "आजी, ओ आजी, श्वास घ्या," असं मोठ्याने म्हणाली, आणि पडदा ओढला. मी डॉक्टरांच्या मागे धावलो. ताई पडद्यापाशी होती, तिला दिसलं नाही. कॉरिडॉरच्या वळणावर मी खिशातली पट्टी डॉक्टरांच्या हातात दिली आणि सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. पट्टी उलटी करून वाचली. म्हणाल्या, "सर, हे मगाशी सांगायला हवं होतं. मी दुसरं काही निवडलं असतं." आणि आत पळाल्या.

त्या वेळी आईचा श्वास परत आला. अतिदक्षता विभागात ठेवलं. लघवी अडली होती म्हणून नळी घातली. तेही या गोळीने होतं, असं मला नंतर कळलं. ऑपरेशन लांबलं, पडून राहिल्याने छातीत कफ भरला, आणि नवव्या दिवशी सकाळी आई गेली. मधे दोनदा तिने मला ओळखलं. एकदा म्हणाली, "तू जेवलास का?"

आई जाण्याआधी एक दिवस मी त्या डॉक्टरांना विचारलं होतं, "माझ्यामुळे झालं का?" त्या खुर्चीवर बसल्या आणि मलाही बसायला सांगितलं. "औषध वाईट नाही," त्या म्हणाल्या. "उलटीवर, मळमळीवर, अंगावरच्या गांधींवर चांगलं चालतं. पण ते माणसाला गुंगवतं. म्हाताऱ्यांत ते लवकर उतरत नाही. भ्रम होतो, तोल जातो. झोपेच्या किंवा दुखण्याच्या तीव्र औषधावर पडलं, दारूवर पडलं, तर श्वास मंदावतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला तर द्यायचंच नाही. घेऊन गाडी चालवायची नाही."

"आमच्याकडे ड्रायव्हरला हे माहीत आहे," मी म्हटलं.

"आणि तुम्हाला?"

मग त्या जरा नरमल्या. हाड, वय, छाती, सगळं मिळून होतं, एका गोळीवर बोट ठेवता येत नाही, म्हणाल्या. त्यांनी ते दयेने सांगितलं असणार. मी ते बरेच दिवस घट्ट धरून ठेवलं.

मधे काही दिवस आईला वॉर्डात आणलं होतं. तिथे शेजारच्या खाटेवर हडपसरचीच एक शेतकरी म्हातारी होती, तिचाही पाय मोडलेला. "हितं दवाखाना हाय ना, हितंच आमचा कांदा व्हता," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. एकदा ताईला म्हणाली, "तुजा भाऊ लई गुणाचा हाय गं. आईपासनं हलत न्हाय." मी उठून बाहेर बाजारात गेलो. कोथिंबिरीच्या ढिगांमधून, रिक्षांच्या मधून कितीतरी वेळ उगाच फिरलो.

पुन्हा खराडी

दिवस ताईकडेच केले. त्या तेरा दिवसांत केतकी रोज आली, पण बोलेनाशी झाली होती. तिच्या सासरच्या कुणीतरी म्हटलं होतं की वास्तूच्या दिवशी असं व्हावं हे बरं नाही. ती मात्र वास्तूला दोष देत नव्हती. "मी फरशी पुसून घेतली नाही, आई," एवढंच ती ताईला म्हणायची. पुनःपुन्हा. नव्या घरात झोपत नव्हती. नवऱ्याला म्हणाली होती, ते विकून टाकू.

मी हे सगळं समोर बसून ऐकत होतो. पत्रावळी आणत होतो, भटजींना फोन करत होतो.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मला निघायचं होतं. ताई स्वयंपाकघरात डबे लावत होती. आईने आणलेल्या पिठाचा अर्धा डबा तिच्या हातात होता. ती म्हणाली, "अनंता, तू जाण्याआधी केतकीशी जरा बोल. तुझं ऐकते ती."

मी ओट्यापाशी उभा राहून सगळं सांगितलं. घाटापासून. दुसरी गोळी का दिली, तेही.

ताईने डबा खाली ठेवला. "त्या बाईंनी विचारलं तेव्हा मी तुझ्या शेजारी उभी होते."

"हो."

"दोनदा विचारलं त्यांनी."

"हो."

"आणि तेव्हा पट्टी कुठे होती?"

"खिशात."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग पदराला हात पुसले आणि चपला घातल्या. "चल. हे मला नंतर. आधी तिला सांग. तिच्या तोंडावर सांग. मी मध्ये पडणार नाही."

रिक्षात ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. केतकीच्या घराचं तोरण वाळून तसंच लटकत होतं. तिने दार उघडलं, मला पाहून पाणी आणायला वळली, तर मी म्हटलं, "बस. मला आधी बोलू दे." दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही.

"म्हणजे आजी फरशीमुळे..." ती थांबली.

"तिला उभंच राहता येत नव्हतं, केतकी. कोरडी असती तरी पडली असती. मी तिला उभं राहण्यासारखं ठेवलं नव्हतं."

तिचे खांदे सैल झाले. ती रडली, पण ते रडणं मला ओळखता आलं. ते सुटल्याचं होतं. जे मी एका वाक्यात देऊ शकलो असतो ते तीन आठवडे माझ्या खिशात ठेवलं होतं. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "मामा, मी रोज तुझ्यासमोर बसून रडत होते. तुला दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मग?"

तिने पाणी आणलं नाही. मी मागितलंही नाही.

महाड

स्वारगेटला ताई आली नाही. मी भोरमार्गे एसटीने आलो. शेजारी कडेवरच्या बाळासह एक तरुण बाई होती, तिच्या पलीकडे बसलेल्या आईने पर्समधून पट्टी काढली आणि गोळीचा तुकडा मोडायला घेतला, बाळासाठी. मी म्हटलं, "बाळाला देऊ नका." "आमच्याकडे देतात, काका," तरुण बाई म्हणाली. "आमच्याकडेही देतात," मी म्हटलं, आणि मग माझ्या आईबद्दल सांगितलं. तीन माणसांना सांगून झालं होतं, या दोघी चौथी आणि पाचवी. बाळाच्या आजीने पट्टी परत ठेवली. तरुण बाई माझ्यापासून थोडी दूर सरकून बसली. मला त्याचं काही वाटलं नाही.

घरी पोचलो, दार उघडलं. आवाज नव्हता. मला हवी होती ती शांतता इथे भरपूर होती. तशीच बॅग ठेवून मी ताईला फोन लावला. आजवर निघताना ती दर वेळी म्हणायची, पोचलास की कळव. या वेळी म्हणाली नव्हती. उचलेल असं वाटलं नव्हतं.

"पोचलो," मी म्हटलं.

"बरं."

पलीकडून तिच्या कुकरची शिट्टी ऐकू आली, मग दुसरी. मी पायरीवर बसलो. तिसऱ्या शिट्टीला ती म्हणाली, "गॅस बंद करून येते." फोन ठेवला नाही. ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला, पावलं गेली, आणि मी तो कानाशी धरून थांबलो.